पांढर

आमच्या गावाला चार पांढरी आहेत. माणसं राहतात ती फक्त एकीवर. बाकीच्या तीन रानात आहेत. एकीला थोरली पांढर म्हणतात, एकीला भैरोबाची आणि तिसरीला ओढ्याची. सातबाऱ्यावर गट नंबर असतात, पण गावात अजून असंच बोललं जातं : "औंदा पांढरीत हरभरा लय दाटला."

शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. गावच्या जमिनीचे जुने भाग दोनच : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली, चुली पेटल्या, राख पडली, मातीच्या भिंती ढासळल्या, त्यावर नव्या भिंती उभ्या राहिल्या, शेण-मूत मुरलं, म्हणजे तिथल्या मातीचा रंग उतरतो. ती राखी, पांढुरकी, भुसभुशीत होते. म्हणून रानात मधेच एखादं उंचवट्याचं पांढरं टेकाड दिसलं, की जाणत्यानं ओळखावं, इथं गाव होतं.

आमच्या खटाव-माणच्या कोरड्या भागात घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी खाली झिरपू देत नाही. त्यामुळं दर उन्हाळ्यात बैलगाड्या थोरल्या पांढरीला जायच्या आणि मेलेल्या गावाची माती जित्या गावाच्या डोक्यावर यायची. खत म्हणूनही ती भरपूर वापरली. उकरताना खापरं निघायची, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, जात्याची अर्धी तळी, कधी हाडं. आज्जी म्हणायची, दिवेलागणीला तिकडं जाऊ नका. का, तर तिथल्यांची जेवायची येळ असती.

त्या तीन गावांची नावं काय होती? थोरल्या पांढरीचं म्हणून एक नाव म्हातारी माणसं सांगायची, तेही प्रत्येक जण वेगळं. उरलेल्या दोघींचं कुणालाच ठाऊक नव्हतं. गाव आजार आलं म्हणून उठलं असं कुणी म्हणे, कुणी म्हणे पेंढाऱ्यांनी जाळलं. आमचे आबा सरळ सांगायचे, "पाणी सरलं आसंल. दुसरं काय हाय आपल्याकडं सरण्याजोगं?"

महसूलखात्याच्या कागदात अशा गावांना एक शब्द आहे : बेचिराख. बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. फारसीतून आला आणि तलाठ्याच्या दप्तरात कायमचा बसला. आपण आज बोलताना बेचिराख म्हणजे जाळून-पोळून नाश केलेलं असं समजतो. दप्तरातला अर्थ त्याहून साधा आहे. शीव शाबूत आहे, जमीन शाबूत आहे, नाव यादीत आहे, फक्त संध्याकाळी दिवा लागत नाही. मौजे अमुक, बेचिराख. सरकारी याद्यांत लोकसंख्येच्या रकान्यात शून्य असलेली गावं आजही सापडतात.

मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात परत येण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. विझलेला दिवा लावता येतो. आणि आपल्या मुलखात तो पुन्हा पुन्हा लावला गेला आहे.

यातली सगळ्यात जुनी हकिकत दुर्गादेवीच्या दुष्काळाची. 1396 पासून 1407 पर्यंत, असं त्याचं साल सांगतात. बारा वर्षांचा दुष्काळ ही लोकांची सांगी. सलग बारा वर्षं पाऊस नाही हे मला शेतकऱ्याच्या पोराला खरं वाटत नाही, पण चार-पाच वर्षं लागोपाठ गेली तरी गाव उठायला पुरे. पुढं कितीतरी वर्षं हा मुलूख ओस पडला. किल्ले आणि अवघड जागा पुंडांच्या हातात गेल्या. बहामनी दरबारानं 1429 च्या सुमारास मलिक-उत्-तुज्जारला फौज देऊन पाठवलं. फौजेनं आधी खटाव देशातल्या रामोशांचा आणि महादेव डोंगरातल्या टोळ्यांचा बंदोबस्त केला, मग ती वाईकडं गेली. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफनं 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हे दिलंय, आणि 1885 च्या सातारा गॅझेटिअरनंही ते घेतलंय.

मला त्या फौजेपेक्षा तिच्याबरोबरच्या कारकुनात जास्त रस आहे. दादू नरसू काळे त्याचं नाव. वसाहतीचं काम त्याच्याकडं आणि दरबारच्या एका तुर्की खोजाकडं दिलं होतं. काम काय, तर माणसं परत आणायची. आता गंमत बघा. इतकी वर्षं गेल्यावर गावांच्या शिवाच कुणाला आठवत नव्हत्या. शिवेचा दगड कुठं, ओढा कुणाचा, माळ कुणाचा, सांगायला माणूस नाही. तेव्हा दादू नरसूनं नव्या शिवा आखल्या आणि त्या आखताना हात मोकळा सोडला. दोन-दोन, तीन-तीन जुनी गावं एकात घातली. जो कसंल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा नाही. दुसऱ्या वर्षी फक्त तोबराभर धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधतात ना, ती.

हे वाचलं तेव्हा आमच्या चार पांढरींचा हिशेब माझ्या डोक्यात लागला. तीन गावं मिळून एक, आणि चौथी पांढर नव्या वस्तीची. नेमकं आमच्याच गावाचं असं झालं याला कागद नाही. पण खटाव, माण, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात एका गावाच्या शिवारात दोन-तीन पांढरी हे काही नवल नाही. माणसं देवळांच्या पायऱ्या मोजतात, किल्ल्याचे बुरूज मोजतात. आपल्या गावाच्या पांढरी कुणी मोजत नाही.

दादू नरसूची रीत पुढं चालूच राहिली. ओस गाव वसवायचं तर सरकार कौल द्यायचं. कौल म्हणजे लेखी अभय : या, लावणी करा, मागचं मागणार नाही, पुढचं हळूहळू घेऊ. सारा वर्षावर्षानं चढत जायचा, त्याला इस्तावा म्हणत. 1630 च्या दुष्काळात आणि त्या काळच्या धामधुमीत पुणे ओस पडलं, मुरार जगदेवानं तिथं गाढवाचा नांगर फिरवला, आणि दादोजी कोंडदेवांच्या काळात तेच पुणे कौल देऊन पुन्हा वसवलं गेलं. ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कारण ते पुणे आहे. आपल्याकडच्या शेकडो खेड्यांचं असंच उठणं-बसणं झालं, त्याची गोष्ट झाली नाही.

आणखी एक चीज होती, मिरास. मिरासदार शेतकरी परागंदा झाला तरी त्याचा हक्क लगेच बुडत नसे. पाटील ती जमीन उपऱ्याला कसायला देई. पण मिरासदार, नाहीतर त्याचा मुलगा, नातू, बऱ्याच वर्षांनी गावात उभा राहिला आणि सरकारदेणं भरायला तयार झाला, तर जमीन मागू शकत असे. तो खरंच त्याच घराचा कशावरून? तर गोत बसायचं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते जमायचे, म्हाताऱ्यांना विचारायचे, याच्या आज्याचं घर कुठं होतं, बांध कुठं होता, आणि निवाड्याचा महजर लिहायचे. घराण्याचा मागमूसच उरला नाही तरच जमिनीला गतकूळ म्हणत. या सगळ्यात लबाड्या होत्या, मारामाऱ्या होत्या, आणि महारवाड्यातल्या माणसाचा दावा या गोतात किती ऐकला जात होता हे विचारूच नये. जुना काळ चांगला होता असं मला म्हणायचं नाही. पण गेलेला माणूस परत येईल, हे त्या व्यवस्थेनं धरून ठेवलेलं होतं.

पुढच्या संकटांतही तसंच दिसतं. 1876 च्या दुष्काळात पूर्वेकडची माणसं जनावरं घेऊन लांब गेली, पाऊसपाणी झाल्यावर पुष्कळ परत फिरली. प्लेगात तर गावं ठरवून ओस पाडायची. 1896 ला तो मुंबईत आला, वर्षभरात सातारा जिल्ह्यात. घरात उंदीर पडला की गाव बाहेर. माळावर, मळ्यात खोपी घालायच्या, महिना दोन महिने काढायचे, देवाला कौल लावून परत यायचं. आज्जीच्या सासूनं असे तीन पावसाळे खोपीत काढले होते. काही जण मळ्यातच रमले. आज ज्यांना अमुक मळा, तमुक वस्ती म्हणतो त्यातल्या काहींची सुरुवात ही अशी.

बहात्तरचा दुष्काळ मी स्वतः बघितला. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरीही खाल्ल्या. आमच्या बाजूचं एकही गाव बेचिराख झालं नाही. दुष्काळी कामांनी तगवलं, आणि गलाईनंही. विटा, आटपाडी, खटाव, माणमधली माणसं सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन भारतभर पसरली आहेत, पार केरळपासून आसामपर्यंत. गावात त्यांची बंद कुलपाची घरं असतात, कधी तीन मजली. यात्रेला कुलपं निघतात, आठ दिवस दिवे लागतात, पुन्हा कुलूप. बेचिराख नाही म्हणता यायचं, पण भरलेलंही नाही.

इथपर्यंतचं मला आमच्या मुलखावरून कळत होतं. पाण्यानं गाव जातं ही गोष्ट मात्र मला नोकरीनं दाखवली.

पाणी सरलं म्हणून उठलेल्या गावातला मी, 1983 साली बदली होऊन पाटण तालुक्यात कोयनेच्या काठच्या एका शाळेवर गेलो. एक शिक्षक, चार वर्ग. कोयना महाबळेश्वरला उगवते, सरळ दक्षिणेला हेळवाकपर्यंत येते, तिथं काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. त्या वळणाशी, देशमुखवाडीजवळ, धरण. 1956 ला बांधकाम सुरू झालं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठायला लागलं. 103 मीटर उंच भिंत. साठा पहिल्यांदा 98 टीएमसीच्या वर, आता उंची वाढवून 105. पाणी मागं तापोळ्यापर्यंत पसरलं, जवळजवळ साठ किलोमीटर. त्या लांबोड्या पाण्याला शिवसागर म्हणतात. बोगद्यांतून ते पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात उतरतं आणि कोकणात वाशिष्ठीला जातं.

या साठ किलोमीटरमध्ये काय होतं? जावळीच्या मोऱ्यांपासून वसलेलं खोरं होतं. नदीकाठची भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी-वरी, घाटवाटांनी चिपळूणकडून येणारं मीठ. शंभराच्या आसपास गावं या पाण्यानं पूर्ण किंवा अर्धी गेली. गाव जाणं म्हणजे काय, हे आकड्यानं कळत नाही. सगळ्यात आधी जातं ते नदीकाठचं सपाट रान. म्हणजे भात जातो आणि डोंगर उरतो.

शाळेजवळच्या वाडीत एक आज्जी होती. तिचं सासर उतारावर, ते वाचलं. माहेर खाली नदीला, ते गेलं. मला म्हणाली, "गुरुजी, लोकांच्या लेकी म्हायाराला जात्यात, माझं म्हायार हितनं दिसतं. पर जायाचं कसं?" मे महिन्यात पाणी उतरलं की चिखलातनं दगडी जोती उघडी पडायची. ती काठी टेकत खाली जायची, एका जोत्यावर हळद-कुंकू वाहायची आणि वर यायची. एकदा मी बरोबर गेलो. तिनं मला बोटानं घर दाखवलं : ही वसरी, हितं जातं, हितं गोठा. मला दिसत होते फक्त दगड आणि तडकलेला गाळ. तिचे भाऊ कुठं आहेत विचारलं तर म्हणाली, एक सोलापूरकडं, एक पनवेलकडं, धाकटा मुंबईत. तिघांनी तीन जिल्हे धरले. "आईला पाणी पाजायला तिघं एका जागी न्हाय आलं," म्हणाली.

हे तिच्या एकटीच्या घरचं नव्हतं. कोयनेची माणसं रायगड, ठाणे, रत्नागिरी, सोलापूर अशी फेकली गेली. बऱ्याच जणांनी कुठंच न जाता पाणी जसं चढलं तशा झोपड्या वर सरकवल्या. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. रोख भरपाई, तीही त्या काळच्या भावानं, आणि सही नाहीतर अंगठा. नोट कधी फारशी न बघितलेल्या माणसाच्या हातात पैसे दिले, तर ते किती दिवस टिकणार?

दुर्गादेवीच्या दुष्काळानंतर शिवा विसरल्या तरी जमीन जागेवर होती. दादू नरसूला तिच्यावर पुन्हा माणूस बसवता आला. इथं माणसं जिवंत, त्यांना बांधन् बांध आठवतोय, आणि जमीनच नाही. मिरासदार परत येऊन उभा राहणार कशावर?

धरण नको होतं असं त्या खोऱ्यातही मी फारसं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. देशासाठी म्हणून दिलं, असंच बोलायचे. महाराष्ट्राची निम्मी कारखानदारी एके काळी या विजेवर चालली असेल. आणि त्याच पाण्याच्या काठावर, मी होतो त्या वाडीत, पोरं रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करायची. चिमणीची काजळी पाटीवर उतरायची. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात तर आणखी कितीतरी वर्षं हीच गत. दवाखाना म्हणजे लाँच, आणि लाँच म्हणजे तिची वेळ.

मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट. साडेचारच्या आत धरणी हादरली. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर आडवं झालं. नुकती कुठं वर सरकून बांधलेली घरं पुन्हा पडली. आज्जी सांगायची, भिंत पडली तशी धाकटी जाऊ म्हणाली, "पाण्यानं ठेवलेलं आता मातीनं नेलं."

या खोऱ्यातली गावं टिकली ती मुंबईत. हे वाचून हसू येईल, पण खरं आहे. जावळी-पाटणची माणसं गिरणीत, गोदीत, माथाडीत. लालबाग-परळकडं गावकीच्या खोल्या असायच्या. एका खोलीत तीस-चाळीस गडी, पाळीपाळीनं झोपणारे, भिंतीला गावदेवीचा फोटो, एका पेटीत भजनाचे टाळ, दाराशी गावाचं नाव आणि खाली ग्रामस्थ मंडळ. गाव बुडालं तरी मंडळाची वर्गणी चालू होती. लग्नं तिथं जुळायची, भांडणं तिथं मिटायची. 1982 च्या संपानं गिरण्या मोडल्या तेव्हा अशा खोल्याही हळूहळू मोडल्या, आणि काही गावं दुसऱ्यांदा गेली.

तिसऱ्यांदाही गेली काही. 1985 ला कोयनेच्या काठचं जंगल अभयारण्य झालं, दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोली अभयारण्य झालं. चांदोली 2004 ला राष्ट्रीय उद्यान, आणि 2010 ला दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वारणेवर शिराळा तालुक्यात चांदोलीचं धरण, तिथंही गावं पाण्यात. पाण्यानं वर ढकललेल्यांना आता वाघासाठी खाली यायला सांगितलं. बामणोलीहून लाँचनं वासोट्याला जाणारी शहरातली पोरं मेट इंदवलीला उतरतात, तिथनं रानात शिरतात. मेट म्हणजे किल्ल्याची चौकी. चौकीच्या माणसांचं ते गाव. उतरणाऱ्यांना वाटतं, काय हे अस्पर्श जंगल. करवंदीच्या जाळीत कुणाची चूल होती हे सांगायला तिथं कोण आहे? जंगल वाढलं ते चांगलंच झालं, वाघ यावा अशी माझीही इच्छा. पण ते अस्पर्श नाही.

कायदा झाला तो 1976 ला. बाबा आढाव, दत्ता देशमुख, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी अशा माणसांनी धरणग्रस्तांची परिषद उभी केली, मोर्चे काढले, "आधी पुनर्वसन, मग धरण" हे म्हणणं लावून धरलं. मग ठरलं की ज्यांच्या रानाला धरणाचं पाणी मिळणार, त्यांतल्या मोठ्या खातेदारांची काही जमीन घेऊन ती बुडीतवाल्यांना द्यायची. कागदावर यासारखा न्याय नाही. गावात मात्र त्याला स्लॅब म्हणतात, आणि हा शब्द आमच्याकडं अजून शिवीसारखा उच्चारतात.

कारण ही गोष्ट फिरून आमच्याच दारात आली. परळी खोऱ्यात उरमोडी धरण झालं आणि तिथल्या काही गावांना खटाव-माणकडं जमिनी दिल्या. पाऊस पडून पडून अंगावर शेवाळ चढावं अशा मुलखातली माणसं, भात लावणारी, आमच्या माळावर आली. त्यांना बाजरी राखायचं ठाऊक नाही, आमच्यांना त्यांचं काहीच ठाऊक नाही. ज्यांच्या रानाला स्लॅब लागला त्यांनी पहिली दोन वर्षं नांगर धरू दिला नाही. वाटा अडवल्या. विहिरीवर बायकांची भांडणं. आमचेच चुलते म्हणायचे, "त्यांचं गाव सरकारनं बुडवलं, आमी कुठं बुडवलंय?" त्या चुलत्यांच्या तोंडावर मी म्हणालो होतो, की पाणी आपल्याला मिळणार आहे. ते म्हणाले, "मिळणार हाय. मिळालंय का?" आणि यात ते चुकीचं बोलत नव्हते. माणसं आधी आली, पाणी यायला पुढं कैक वर्षं गेली. तोवर दोघांनीही एकाच टँकरची वाट बघितली.

वसाहत आता रुळली आहे. रस्ते फुटपट्टीनं आखल्यासारखे, मधे समाजमंदिर, कडेला हापसा. पाटीवर जुन्या गावाचंच नाव, आधी 'पुनर्वसित' असं लिहून. देवाचं मात्र सोपं गेलं नाही. मूर्ती आणली, पण मूळ ठाणं तिकडंच. देव हलला का नाही यावर त्यांच्यात दोन तट पडले. शेवटी एक यात्रा इथं आणि पाण्याच्या काठाला जाऊन एक नारळ तिथं, असं ठरलं. त्यांच्या पोरी आमच्या गावात दिल्यात आणि आमच्या त्यांच्यात. घरं सिमेंटची, चूल गॅसची. त्या मातीचा रंग बदलायला बराच काळ लागेल.

कोयनेचं मात्र मिटलेलं नाही. 2018 साली कोयनानगरला धरणग्रस्तांनी तीन आठवड्यांच्या वर ठिय्या दिला, डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या पुढाकारानं. धरण भरलं तेव्हा जन्मलेही नव्हते असे कितीतरी त्यात बसलेले होते. मागणी तीच : जमीन. आणि सरकारचा प्रश्नही तोच, गोताला पडायचा तो : तुम्ही त्याच घराचे कशावरून? आता गोत नाही. म्हातारी माणसं सरली. संकलन रजिस्टर हवं, खातेउतारा हवा, वारसाचा दाखला हवा.

म्हणून लोक शाळांकडं येतात. गाव बुडालं की शाळा बंद होते, पण जनरल रजिस्टर जवळच्या चालू शाळेत जमा होतं. माझ्या त्या एकशिक्षकी शाळेच्या पत्र्याच्या पेटीत अशी दोन रजिस्टरं होती, एक कसरीनं खाल्लेलं, एक धड. निवृत्तीच्या आधी मी पुन्हा त्याच केंद्रात होतो, तेव्हा पनवेलकडचा एक तिशीतला पोरगा आला. आज्याची नोंद हवी होती. त्याला गावाचं नाव नीट म्हणताही येत नव्हतं, खुर्द का बुद्रुक ते ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी बाकावर रजिस्टर उघडलं आणि पानं उलटत गेलो. आजा सापडला. नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, तालुका, सगळं बोरूच्या जाड अक्षरात. त्यानं मोबाइलवर फोटो काढला. मग शेवटचा रकाना वाचून दाखवा म्हणाला, अक्षर लागत नव्हतं. शाळा सोडण्याचे कारण. त्या मास्तरानं पानाच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'गाव धरणात'. खाली आज्याच्या नावापुढं आणि पान संपेपर्यंत प्रत्येक नावापुढं दोन उभ्या रेघा ओढल्या होत्या : वरीलप्रमाणे.